आठचा घास

"अक्का, एवढा एकच. माझ्यासाठी म्हणून घ्या."

मी चमचा पुढे धरून बसले होते. चमच्यात मऊ भात आणि वर तूप. समोर उशांना टेकवून बसवलेल्या पद्मावतीअक्का मगदूम. वय सत्त्याहत्तर. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. माझ्यासाठी त्यांनी घास का घ्यावा, हे मलाही सांगता आलं नसतं. त्यांच्या घरी मी जेमतेम तिसऱ्यांदा आले होते.

"बघितलंत?" दारात उभी असलेली त्यांची सून त्रिशला म्हणाली. "आज सहावा दिवस. दिवसभर हे असंच. कधी दोन चमचे पाणी घेतलं तर घेतलं. रात्री आठला मी आणि तुमची ही कौसल्या, दोघी मिळून गाल दाबून चार घास घालतो. तेवढ्यावरच चाललंय. रडत रडत गिळतात हो. बघवत नाही."

कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडच्या धडधाकट बायकांपैकी एक. पेशंटला एकटीनं कुशीवर वळवणारी, कामात चोख. गेल्या सहा दिवसांत तिचाही चेहरा उतरला होता.

"मॅडम, मी सगळं तक्त्याप्रमाणं करतेय," ती म्हणाली. "एक मिनिट इकडंतिकडं नाही."

"मार्थाबाई होत्या तेव्हा चार महिन्यांत असं दिवसामागून दिवस कधी झालं नाही," त्रिशला म्हणाली. "त्यांना का हलवलंत?"

"चार महिने झाले की आम्ही बाई बदलतो. नियमच आहे तसा."

"नियम," त्रिशला म्हणाली, आणि आत येऊन सासूची उशी सारखी करायला लागली.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मिरजेत मी रुग्णसेवेचा ब्युरो काढला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत होती. त्याआधी बारा वर्षं एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसले होते. पेशंटला घरी सोडलं की नातेवाईक खिडकीशी येऊन हमखास विचारायचे, "घरी बघायला एखादी बाई मिळेल का हो?" ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. फोन उचलायचा आणि बाई पाठवायची, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. दोन वर्षांत बावीस बायका, एक जुनी स्कूटी आणि कायमची डोकेदुखी एवढं जमलं. सकाळी सहाला पहिला फोन वाजायचा. कुणाची बाई आली नाही, कुणाच्या बाईला घरचे नीट बोलत नाहीत, कुणाचा पेशंट गेला. गॅसवरची भाजी करपायची आणि मी फोनवर "हो हो, पाठवते" म्हणत असायचे. त्या वर्षी मी कधी पोटभर झोपले असेन असं आठवत नाही.

ठेचा खाऊन खाऊन मी नियम केले होते. पहिला, एका घरात बाई चार महिन्यांच्या वर ठेवायची नाही. जास्त राहिली की घर तिला लळा लावतं आणि ब्युरोला बाजूला सारून थेट ठेवून घेतं. अशा तीन चांगल्या बायका मी गमावल्या होत्या. दुसरा, जाणारी आणि येणारी यांची गाठ पडू द्यायची नाही. दोघी भेटल्या की घरातल्या माणसांची उणीदुणी निघतात आणि नवीचं मन आधीच विटतं. म्हणून जुनी चारला निघणार, नवी पाचला पोचणार. तिसरा, प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक तक्ता आणि एक वही. तक्ता मी करायचा, वही बाईनं भरायची, आणि आठवड्यातून एकदा ती मी लाल पेननं तपासायची. या नियमांचा मला केवढा तोरा होता! ओळखीपाळखीत सांगत फिरायचे, आपलं काम कसं शिस्तीत चालतं म्हणून.

तेवढ्यात अक्कांचा मुलगा सन्मती दुकानातून आला. शनिवार पेठेत त्यांचं पाइप आणि नळांचं दुकान. चपला काढता काढताच तो म्हणाला, "डॉक्टरांशी बोललो. सोमवारपर्यंत बघू म्हणालेत. नाहीतर नाकातनं नळी घालायची."

हे तो अक्कांच्या पलंगापाशी उभा राहून मला सांगत होता. अक्का आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

मग तो मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. तुम्ही एवढे पेशंट बघता. आईला आता जायचं आहे का? म्हणून तोंड मिटलंय का?"

मी मनातून हादरले. अक्कांची काळजी वाटली हे खरं, पण स्वतःचीही वाटली, आणि ते लपवण्यात आता अर्थ नाही. मिरज केवढीशी! ब्युरोनं बाई बदलली आणि म्हातारी अन्नावाचून गेली, हे आठ दिवसांत गावभर झालं असतं. "तसं काही नाही," मी म्हटलं. "त्यांना मार्थाबाईंची सवय झालीय. मी त्यांना घेऊन येते."

मार्थाबाई साळवेंना मी सांगलीला विश्रामबागेत पाठवलं होतं, शेडबाळकर नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे. त्यांनाही अर्धांगच. मी पोचले तेव्हा मार्थाबाई अंगणात त्यांचे कपडे वाळत घालत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, बारीक अंगाची, केसांचा घट्ट अंबाडा. मला बघून त्यांनी पिळा बादलीत ठेवला.

"मॅडम, तुम्ही? माझं काही चुकलं का?"

माझ्या बायका मला बघून पहिल्यांदा हेच विचारायच्या, हे मला त्या दिवशी जाणवलं.

"मगदुमांच्या अक्का जेवायच्या बंद झाल्यात," मी म्हटलं.

"कधीपासनं?"

"तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दिवसभर तोंड उघडत नाहीत."

"आणि रात्री?"

"रात्री आठला दोघीजणी धरून भरवतात. जबरदस्तीनं. तेवढंच काय ते पोटात जातं."

मार्थाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! रोज?"

"रोज. दिवसभर काही घेत नाहीत म्हणून तर—"

"मॅडम, उलटं आहे ते." त्या अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या. "त्या दिवसा खात नाहीत म्हणून तुम्ही रात्री भरवताय. आणि तुम्ही रात्री भरवताय म्हणून त्या दिवसा खात नाहीत."

मला काही समजेना. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं.

"दिवस मावळला की त्या तोंडात काही घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही. जैन आहेत ना. घरातली बाकीची आता पाळत नाहीत, दुकान बंद करून सन्मतीभाऊच नऊला येऊन जेवतात. पण अक्कांनी सोळाव्या वर्षी मुनी महाराजांपुढं नियम घेतलाय. तो मोडला की दुसरा दिवस उपास. माझ्याकडनं पहिल्या आठवड्यात झालं तसं. तक्त्यात आठ लिहिलेलं, मी आठला भरवलं. नको नको करत होत्या, मला वाटलं आजारपणाचा हट्ट. दुसऱ्या दिवशी दिवसभर ओठ उघडले नाहीत. मी घाबरले. पण त्या रात्री काही भरवलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं जेवल्या."

"म्हणजे आता रोज..."

"रोज रात्री तुम्ही नियम मोडताय आणि रोज दिवसा त्या फेडताहेत."

सहा दिवस आम्ही सगळी मिळून एका म्हातारीचे हात धरत होतो, आणि तिला जगवतोय असं म्हणत होतो.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"अक्कांनीच."

"त्यांना बोलता येत नाही."

"मान हलते की. पलंगासमोर महाराजांचा फोटो आहे, त्याच्याकडं बघायच्या, मग खिडकीकडं बघायच्या. मी एकेक विचारत गेले. हे का? नाही. मग ते का? दोन तास गेले असतील. आमच्यातही इस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे असतात, मॅडम. उपासाचं मला कळतं. मग मी रोज साडेपाचलाच भरवायला लागले. भरवणं घरच्यांनी माझ्यावरच सोडलेलं, कितीला ते कुणी विचारलं नाही. रक्तदाबाची गोळी होती आठची, ती जेवणाबरोबर दिली तर चालेल का, हे दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारून घेतलं."

"पण वहीत तर रोज 'रात्री ८, जेवण' आहे. तुमच्याच अक्षरात."

"आहे."

"खोटं लिहिलंत?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता, पण माझ्यापुढे नेहमी खाली असायची ती नजर आज खाली गेली नाही. "पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं. साडेपाचला जेवल्या, रात्री नको म्हणतात. तुम्ही त्यावर लाल काट मारून आठ घातलंत. फोनवर म्हणालात, मार्थाबाई, तक्त्याप्रमाणं चालायचं, आपलं डोकं लावायचं नाही. मग मी तक्त्याप्रमाणं लिहीत गेले आणि अक्कांप्रमाणं भरवत गेले."

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. दर आठवड्याला बावीस वह्या असायच्या, मी त्या गॅसजवळ उभी राहून तपासायचे. पण ते वाक्य माझंच होतं, शब्द न शब्द माझा.

"कौसल्याला तरी सांगायचं होतं," मी पुटपुटले. पुटपुटतानाच उत्तर कळलं होतं.

"कुठं गाठ पडली आमची? दुपारी तुमचा फोन आला, चारला निघा म्हणून. अक्का झोपलेल्या होत्या. त्यांना जाते म्हणून सांगायलासुद्धा मिळालं नाही."

मी मान खाली घातली. त्या कट्ट्यावर आडवं व्हावं आणि कुणीतरी येऊन तुझा ब्युरो बंद झाला म्हणून सांगावं, असं वाटत होतं.

"चला माझ्याबरोबर," मी शेवटी म्हटलं. "मी तुम्हाला परत तिथंच ठेवते. नियम गेला खड्ड्यात."

"आणि इथं?" मार्थाबाई उठल्या. "शेडबाळकर आजोबांची पाठ सोललीय. दर दोन तासांनी कूस बदलायला लागते. दोन दिवसांपासनं कुठं ते माझ्या हाताला अंग सैल सोडायला लागलेत. त्यांनी काय करायचं? उद्या दुपारपर्यंतच राहीन मी तिथं, इथल्या आजींना विचारून. पाचची अंगपुसणी झाल्यावर निघू."

पाचची अंगपुसणी झाली, कूस बदलून झाली, आजींना दोनदा समजावून झालं, आणि आम्ही मिरजेला पोचलो तेव्हा साडेसहा होऊन अंधारलं होतं. कौसल्या आठच्या तयारीत भात मऊ करत होती. मार्थाबाई आधी आत गेल्या. अक्कांनी त्यांना बघितलं मात्र, डावा हात वर उचलला. मार्थाबाई तो हात आपल्या हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

"आता आज काही भरवायचं नाही," मार्थाबाई बाहेर येऊन म्हणाल्या. मी सन्मतीला आणि त्रिशलाला सगळं सांगितलं.

सन्मती भडकला. "अहो, दिवसभर पोटात काही नाही आणि आता रात्रीचंही बंद? आणि नियमाचं म्हणाल तर मी सूट घेतलीय. आई आजारी पडली तेव्हाच बस्तीत, आमच्या देवळात जाऊन पंडितांना विचारून आलो होतो. आजारपणात दोष नाही म्हणाले ते."

त्रिशला नवऱ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"मीच धरत होते हो गाल," ती हळूच म्हणाली.

सन्मतीनं डॉक्टरांना फोन लावला. आजची एक रात्र चालेल, पण सकाळी घेतलं नाही तर सोमवारची वाट न बघता दवाखान्यात आणा, असं ते म्हणाले. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "सकाळी नाही खाल्लं, तर तुमच्यावर."

"माझ्यावर," मी म्हटलं.

त्या रात्री मी घरी गेले नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. मार्थाबाईंनी तासातासाला अक्कांचे ओठ ओल्या कापडानं न टिपता, नुसतं बोटानं तूप लावून मऊ करायचं ठरवलं. तेही अक्कांनी मान वळवून नाकारलं. मग त्यांनी तोही नाद सोडला. मला मध्येच वाटायचं की आपण एका माणसाचा जीव पणाला लावलाय, आणि तोही दुसऱ्या बाईच्या शब्दावर. पण तोवर माझ्या स्वतःच्या शब्दावरचा माझा विश्वास पार उडाला होता.

सकाळी उजाडलं तरी मार्थाबाईंनी घाई केली नाही. ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्यापर्यंत येऊ दिलं. मग अक्कांचं तोंड धुतलं, केस विंचरले आणि वाटीत तांदळाची पेज घेऊन समोर बसल्या. आम्ही चौघं दारात उभे. सन्मतीनं गाडीची किल्ली हातातच धरली होती.

मार्थाबाईंनी चमचा पुढे केला. अक्कांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

एक चमचा, दुसरा, तिसरा. अर्धी वाटी संपली. त्रिशला तिथंच उंबऱ्यावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पण मार्थाबाई उठल्या आणि वाटी त्यांनी कौसल्याच्या हातात दिली. "बस इथं. मला दुपारी जायचंय. पुढचं तू भरव."

कौसल्या बसली. चमचा पुढे केला. अक्कांचे ओठ मिटले, अगदी काल माझ्यासमोर मिटले होते तसेच.

"अक्का, मी मुद्दाम नाही केलं," कौसल्या काकुळतीला आली. "मला काय माहीत!"

"तिचा दोष नाही, अक्का," मी पुढे होऊन म्हटलं. "आठ मी लिहिलं. तिला मीच सांगितलं होतं. चुकलं माझं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. ओठ तसेच. माझ्या माफीची त्यांना गरज होती असं दिसलं नाही. पेज निवत चालली होती.

सन्मतीनं माझ्या दंडाला हात लावला. "मॅडम, आता पुढं कसं? दुपारी कितीला, संध्याकाळी कितीला, कुणी भरवायचं? नवीन तक्ता करून द्या आम्हाला. म्हणजे परत घोळ नको."

माझा हात सवयीनं पर्समध्ये पेन शोधायला गेला. मग तो थांबला.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "त्यांना विचारा."

"कुणाला? मार्थाबाईंना?"

"तुमच्या आईला."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग पलंगाजवळ गेला. त्याला कुठं उभं राहावं, हात कुठं ठेवावेत, काही सुचेना. अडीच वर्षं तो त्या पलंगाशी रोज उभा राहिला होता, औषधं आणली होती, डॉक्टर आणले होते. आता मात्र तो परक्याच्या घरी आल्यासारखा अवघडला होता. शेवटी तो गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला. "रात्रीचं जेवण... नको ना तुला?"

अक्कांनी हो म्हणून मान हलवली. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचनात. हलवत राहिल्या, डोळ्यांतून पाणी गालांवर येत राहिलं आणि त्या मुलाकडे बघत मान हलवत राहिल्या. सन्मतीनं त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. दुकानात गडी-माणसांवर ओरडणारा तो चाळिशीचा माणूस मुसमुसून रडला. आम्ही बायका इकडंतिकडं बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं आणि कौसल्याकडे बोट केलं. "आणि हिच्या हातचं? हिच्या हातचं खाशील का? नाही म्हटलंस तरी चालेल. दुसरी बघू."

कौसल्यानं वाटी मांडीवर ठेवून मान खाली घातली. अक्का तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. डावा हात उचलून त्यांनी कौसल्याचं मनगट धरलं, सहा रात्री ज्या हातानं त्यांचे गाल दाबले होते त्याच हाताचं, आणि ते चमच्यासकट स्वतःच्या तोंडाजवळ आणलं.

चमच्यातली अर्धी पेज अक्कांच्या पदरावर सांडली, उरलेली त्यांनी तोंडात घेतली.